मागचं डावं दार

(क्यूबातलं सिएन्फुएगोस. एनेइदामावशींच्या अंगणात चोपन्न सालची अमेरिकन गाडी. ती विकत घ्यायला आलेला एरिबेर्तो आणि त्याचा मेव्हणा नान्दो, मेकॅनिक.)

नान्दो: दाजी, लोहचुंबक चिकटतच नाहीये. हे दार पत्र्याचं नाही.

एनेइदा: होतं की पत्र्याचं. गंजलं, मग आमच्या ह्यांनी जेवणाच्या टेबलाचं केलं. टिचकी मारून बघ, अस्सल महोगनी.

एरिबेर्तो: मग जेवता कुठं?

एनेइदा: बॉनेटवर.

नान्दो: आणि छप्पर?

एनेइदा: ते ह्यांनी करवतीनं कापलं. उकडायचं.

नान्दो: इंजिन तरी गाडीचंच ना?

एनेइदा: कोळंबीच्या होडीचं.

नान्दो: तरीच म्हटलं, वास कसला! बरं, ब्रेकमध्ये तेल कुठलं?

एनेइदा: शाम्पू. का? तू गिऱ्हाइकांना काय घालतोस?

नान्दो: शाम्पूच. पण साधा, मावशी! हा कोंड्याचा आहे!

एरिबेर्तो: नान्दो, खरं सांग. मूळची गाडी किती उरलीय?

नान्दो: हॉर्न आणि आरसा. थांबा, आरसा न्हाणीघरातला दिसतोय. हॉर्न.

एरिबेर्तो: चालेल. घेतो.

नान्दो: डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?

एरिबेर्तो: शनिवारी माझ्या यामिसेलला पंधरा वर्षं पूर्ण होतायत. गावातली प्रत्येक पोर त्या दिवशी झगा घालून उघड्या गाडीतून समुद्रापर्यंत मिरवते. ठरवलेली गाडी दुसऱ्यानंच पळवली. आता माझी पोर काय सायकलवर बसून हात हलवणार? तुझी ताई तर कालपासून माझ्याशी बोलत नाही.

नान्दो: ताई गप्प? मग घ्या बाबा, घ्या.

एनेइदा: एक सांगायचं राहिलं. मागचं डावं दार लागत नाही. वळणावर उघडतं.

एरिबेर्तो: मग तुम्ही काय करायचात?

एनेइदा: धरून बसायचे. सव्वीस वर्षं. हे पुढं चालवायचे, मी मागं दार धरून. ते सगळ्यांना जमत नाही हं. जोरात धरलं तर बिजागरी निघते, हलकं धरलं तर दार.

नान्दो: त्यात काय, बिजागरी बदलून देतो.

एनेइदा: खबरदार हात लावलास तर!

एरिबेर्तो: मावशी, तुम्हाला गाडी विकायचीच नाहीये.

एनेइदा: विकायचीय रे. हे गेल्यापासून रोज सकाळी मी मागं जाऊन बसते. दार धरून. गाडी जागची हलत नाही आणि मी आपली धरून बसलेय, वेड्यासारखी. फार एकटं वाटतं मग. कुणीतरी चालवायला हवी ती.

एरिबेर्तो: मग असं करू. गाडी माझी, दार तुमचं. येता शनिवारी?

एनेइदा: पोरीच्या शेजारी बसू?

एरिबेर्तो: तिच्या शेजारीच.

नान्दो: आणि मी?

एरिबेर्तो: तू पुढं बस. शाम्पू घेऊन.

एनेइदा: झगा कुठल्या रंगाचा आहे तिचा?

एरिबेर्तो: गुलाबी.

एनेइदा: बरं. मग मी निळा घालते.