खिडकीतला दुसरा तारा

— हात नका लावू हो त्या झेंड्याला! कॉफी प्या गुपचूप, निवतेय. गावानं कमिटीवर काय घेतलं, लागले लोकांच्या खिडक्यांत डोकवायला! आणि म्हणे चौकात दगड बसवायचाय, लढाईत गेलेल्यांची नावं कोरायचीत — इतकी वर्षं झोपला होतात काय? बरं, झेंड्यावरचा पहिला तारा माझ्या भावाचा, क्लाइडचा, घ्या लिहून. चव्वेचाळीस साली फ्रान्समध्ये लढताना गेला. तोवर निळा होता — पोरगा लढाईवर असला की निळा, गेला की सोनेरी — आईनंच वरून सोनेरी शिवला, आणि पुन्हा म्हणून सुई हातात धरली नाही तिनं.

दुसरा? दुसरा ड्वाइटचा, माझ्या पोराचा. थांबा, ते नाही लिहायचं! का म्हणजे? मी सांगते म्हणून! मोठे आले शूरवीर शोधायला! तो तारा माझ्या नवऱ्यानं शिवलाय, ऑर्व्हिलनं — जन्मात शर्टाचं बटण लावलं नव्हतं त्या माणसानं. व्हिएतनामच्या लढाईचं बोलावणं आलं, पोरगा अजून ह्या टेबलाशी जेवतोय, आणि ह्यानं माझ्या आईचा झेंडा काढून निळा तारा लावूनसुद्धा टाकला — शेजाऱ्यांना दिसायला नको? मग भरतीच्या बसमध्ये बसवून आला, छाती फुगवून. पोरगा पुढच्याच गावी उतरला आणि गेला कॅनडात! बरं केलं. हो, बरं केलं, डोळे काय वटारता? एक भाऊ दिला होता की मी!

मग काय, ऑर्व्हिलनं निळ्यावर सोनेरी तारा शिवला. 'मला मुलगा नाही,' म्हणाला. गावानं तारा बघितला, झालं — आळीभरच्या बायका दुखवट्याचं जेवण घेऊन हजर, हॅम काय, बटाटे काय, आणि हा बाबा मान खाली घालून दोनदा वाढून घेतोय! पोरगा तिकडं जिवंत! पुढं राष्ट्राध्यक्षांनी भरती चुकवून पळालेल्या सगळ्यांना माफी दिली, पण ह्यानं नाही दिली. मेला तरी नाही दिली.

उसवत का नाही? ड्वाइट म्हणतो, 'मॉम, राहू दे, आलो की मीच उसवीन.' येतोय कसला! मेलेला माणूस गावात शिरणार कुठल्या तोंडानं? तरी तारा उसवता येईल हो कधीतरी — तुमच्या दगडावरचं नाव मी काय नखांनी खरवडू? खोडा ते. माझ्यासमोर खोडा.

हं. उठा आता, रविवार आहे. ऐकू येतोय ना फोन? तुमचा हुतात्माच आहे. दार ओढून घ्या जाताना.