कथलावरची जकात आणि गफूरभाईंची भट्टी

अध्यक्षमहोदय, भोरच्या बाजारपेठेतील व्यापारी बंधूंनो, शिवऱ्याहून आणि वेल्ह्याकडच्या वाड्यांवरून आलेल्या मंडळींनो, आणि उंबऱ्याच्या आत बसून ऐकणाऱ्या गफूरभाईंच्या पत्नी अमीनावहिनी,

गफूरभाईंच्या दारापुढे या गल्लीत सतरंज्या अंथरून आपण बसला आहात आणि मला बोलण्यास उभे केले आहे. मी तांबट आहे. आयुष्यभर हातोडी चालवली. आज शब्द हाती लागत नाहीत, याची क्षमा असावी.

गफूरभाई कल्हईवाले गेले. संस्थानचे राज्य होते तेव्हापासून माझ्या दुकानाच्या ओट्यावर त्यांची भट्टी होती. मी भांडे घडवावे, त्यांनी त्यास कल्हई करावी. कल्हई नसेल तर पितळेत आंबट कळकते, हे येथील प्रत्येक माउली जाणते. म्हणजे माझा धंदा त्यांच्या हातावर उभा होता.

कल्हई कथलाची. कथील परदेशातून येते. मुंबईच्या बंदरात उतरते आणि तेथे त्यावर जकात बसते. ती जकात वाढली. पुन्हा वाढली. आणखी वाढली.

बंधूंनो, मी जकातीचा शत्रू नाही. परदेशी भांड्यांवर जकात बसली तेव्हा याच गल्लीत मी पेढे वाटले होते. त्या जकातीने देशी कारागीर वाचत होता. परंतु कथील आपल्या भूमीत निघत नाही. मग या जकातीने कोण वाचला? मी मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे. पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेले नाही.

एकदा पुण्याहून एक अधिकारी आले होते. देशी धंद्यांच्या संरक्षणासाठी अशा जकाती असतात, असे त्यांनी समजावले. गफूरभाईंनी भाता थांबवला. म्हणाले, "सायेब, म्हंजी ही जकात आमाला राखतीया व्हय? मंग कुनापासनं राखतीया तेवढं सांगा. त्याच्याकडं जाऊन म्हनतो, बाबा, तूच बरा हुतास."

अधिकारी हसले. आम्हीही हसलो.

गेल्या लग्नसराईत शिवऱ्याची मंडळी गावकीची मोठी पातेली बैलगाडीत घालून आली. गावजेवण तोंडावर आले होते. चांगले कथील परवडेना, म्हणून त्यांनी कोठून तरी स्वस्त कांड्या आणल्या होत्या. गफूरभाईंनी एक कांडी कानाशी धरून वाकवली. शुद्ध कथील वाकवले की बारीक करकरते. कल्हईवाले त्यास कथलाचे रडणे म्हणतात. ही कांडी गप्प राहिली. तिच्यात शिसे होते.

"पाटील, ही मुकी हाय. ह्यात आमटी शिजवाल तर इख शिजवाल."

पाटील म्हणाले, "चाचा, लई न्हाई, नुसता हात फिरवा. येका जेवनानं काय व्हतंय? भांडं चमाकलं म्हंजी झालं."

"चमकायला नवरी हाय की. आमटीला कशापायी नटवताय?"

हसणे झाले. गाडी मात्र आली तशीच परत गेली. ती पातेली मोडीत निघाली आणि शिवऱ्यात अ‍ॅल्युमिनियम आले. मी शिवऱ्यास दोष देत नाही. त्यांनी दुसरे काय करावयाचे होते? एका गावाने केले, ते इतर गावांनी केले. भट्टी विझली, तसे डोंगरातून कोळसा आणणारे येईनासे झाले. वाण्याने कल्हईला लागणारा नवसागर ठेवणे सोडले. आणि मी? कल्हई नाही तर पितळ कोण घेणार? वर्ष झाले, माझ्या दुकानातून नवे पातेले उचलले गेलेले नाही. दूर बंदरात कोणी एक आकडा बदलतो, आणि येथे एकामागून एक चूल थंड होते. त्या आकड्यास आपली नावे ठाऊक नसतात.

गफूरभाई तरीही रोज ओट्यावर येत. "शेट, कोन आलं हुतं?" मी म्हणे, "कोणी नाही." "मंग उद्या येत्याल." पुढे त्यांनी विचारणे सोडले. त्यानंतर येणेही सोडले.

दफन करून आम्ही परतलो. पाहुण्यांसाठी आमटी करावी म्हणून शेजारच्या बायकांनी याच घरातली पातेली बाहेर काढली. आतून सगळी पिवळी. कल्हईचा ठिपका नाही. वहिनी म्हणाल्या, "वरीसभर म्हनत हुते, आदी गिऱ्हाइकाचं, मंग घरचं." शेवटी कुंभाराकडून मडकी आणली आणि त्यांत आमटी झाली. वहिनी, हे मी चारचौघांत सांगितले, राग नसावा. चारचौघांनी ते ऐकणे आवश्यक होते.

जकात कमी करावी असा ठराव सरकारकडे पाठवावा, असे काही मंडळी म्हणतात. अवश्य पाठवा. माझी सही घ्या. परंतु मी आपणांस खोटा धीर देणार नाही. उद्या जकात उतरली, कथील स्वस्त झाले, तरी ते लावणार कोण? गफूरभाईंचा मुलगा पुण्याच्या कारखान्यात लागला आहे. त्याने तेथेच राहावे, असे मीच त्यास सांगितले. माझ्या ओट्यावरची ती जागा अ‍ॅल्युमिनियमच्या व्यापाऱ्याने भाड्याने मागितली आहे. मी मानी मनुष्य आहे, हे आपण जाणता. तरीही मी त्यास नाही म्हणालेलो नाही.

याहून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाही. कृपा करून सर्वांनी उभे राहावे आणि काही वेळ स्तब्ध राहावे.

गफूरभाई, या तांबटाचा तुम्हांस सलाम.