गुरुवारचा सासरा, रविवारचा जावई

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय दिग्विजयसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती उद्धवराव, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या यशोदाकाकू आणि जेवणाचा वास सुटलेला असूनही तोंड माझ्याकडे ठेवून बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी रियाज. निघोज्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. इथल्या निरोप समारंभांचं शूटिंग बहुतेक मीच करतो. त्यामुळे भाषणं शेकड्यांनी ऐकलीत, केलं मात्र एकही नाही. ‘शब्द अपुरे पडतात’ म्हणून सुरू करणारा माणूस पुढे अर्धा तास बोलतो, हे कॅमेऱ्यामागून पुष्कळदा पाहिलंय. माझं तसं होऊ नये अशी इच्छा आहे.

उद्धवरावांच्या कंपनीतल्या कामाबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी त्यांच्या सासरेपणाबद्दल बोलणार आहे. हसू नका. त्यांना मुलगी नाही, एकुलता एक मुलगा आहे, हे आपण जाणता. तरीही कित्येक वर्षं हा माणूस दर गुरुवारी सासरा होता, आणि तोही खाष्ट.

झालं असं, की आपल्या गावची वर्षाली, जी आता हिंजवडीत नोकरी करते, तिने एक विनोदी सिनेमा लिहिला. ‘दार उघडा, सासरेबुवा’. आमच्या खिशाकडे बघूनच लिहिला होता. अख्ख्या सिनेमात एकच जाळीचं दार. आत सासरा, बाहेर जावई. सासरा दार उघडत नाही आणि जावई हलत नाही. स्टुडिओच्या मागच्या खोलीला तसं दार होतंच. उजेड परतवायला थर्माकोल पॅकिंगच्या खोक्यांतून मिळालं, माईक झाडूच्या दांड्याला बांधला, की झाली फिल्म इंडस्ट्री.

सासरा म्हणून उद्धवराव ठरले. गणपतीतल्या नाटकांत त्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. जावई म्हणून वर्षालीने तिच्या ऑफिसमधला निरंजन आणला. आता निरंजन म्हणजे उद्धवरावांचा मुलगा, आणि बापलेकांचं बोलणं बंद, हे आम्हाला माहीत नव्हतं का? होतं की. दिग्विजयसाहेबांकडे शब्द टाकून उद्धवरावांनी त्याला आपल्याच कंपनीत चिकटवला होता आणि तो न विचारता सोडून हिंजवडीला गेला. “माझ्या शब्दाची किंमत घालवलीस, आता या दारात येऊ नको,” असं हे बोलून गेले. तोही यांचाच मुलगा. हिंजवडीशेजारच्या माण गावात खोली घेऊन राहिला.

होकार देताना दोघांनी अटही एकच घातली. तो असेल त्या दिवशी मी येणार नाही. वर्षालीने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, अगं, काळजी कसली? कंपनीला सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. हे दोघे भेटायचे म्हटले तरी भेटणार नाहीत.

तेव्हापासून आमचा वीकेंड आठवड्यातून दोनदा यायचा. समोर बघून बोलायला काहीतरी हवं, म्हणून एका काठीवर कंपनीचं पिवळं हेल्मेट अडकवलं. गुरुवारी तो जावई, रविवारी तोच सासरा. गुरुवारचं रेकॉर्डिंग रविवारी निरंजनच्या कानाला लावायचो, म्हणजे उत्तर बरोबर ठेक्यात यायचं. आणि दर गुरुवारी उद्धवराव आल्या आल्या, चहा घ्यायच्याही आधी म्हणायचे, “मागल्या ऐतवारचं दाव की जरा.” कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर डोळे बारीक करून बघायचे. मग म्हणायचे, “बरं करतंय पोरगं. पुन्यांदा दाव.”

यशोदाकाकू, म्हणजे निरंजनची आई, धपाट्यांचे दोन डबे द्यायच्या. एक गुरुवारच्या पोरांना. दुसरा माझ्या फ्रिजमध्ये रविवारपर्यंत राहायचा. दोन्ही डबे उद्धवराव स्वतःच्या हाताने आणायचे आणि दुसरा कुणासाठी हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एका गुरुवारी संवाद होता, “चप्पल बाहेर काढा, जावईबापू.” उद्धवराव हेल्मेटकडे बघून भलतंच बोलले. “दिवाळीला सुदिक आला न्हाईत. घरात कुनी फराळाला हात लावला न्हाई.” रविवारी निरंजनने ते कानात ऐकलं. मग जाळीला हात लावून म्हणाला, “आलो होतो. कोपऱ्यापर्यंत आलो होतो. दार बंद दिसलं म्हणून परत फिरलो.” वर्षाली वैतागून म्हणाली, “रियाजभाऊ, हा सिनेमा विनोदी आहे ना?” मी म्हटलं, चालू दे गं. त्यानंतर तिने कागदावर संवाद लिहिणं जवळजवळ सोडलंच. इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे. मी पोस्टमनच झालो म्हणा ना.

सगळं झालं, शेवटचं दृश्य तेवढं राहिलं. त्यात दार उघडतं. त्याला दोघे एकत्र हवेत, आणि उद्धवराव निवृत्त होऊन गावी अहमदपूरकडे निघालेले. एकदा गेले की सिनेमाही गेला आणि बाकीचंही. मला रात्री झोप लागेना. शेवटी निरंजनला फोन केला. म्हटलं, भावा, आयुष्यात एकदा गुरुवारची रजा टाक.

मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी तो आला. कॅमेरा सुरू झाला, उद्धवरावांनी कडी काढली. समोर मुलगा उभा. आणि हे सवयीने शेजारच्या हेल्मेटकडे बघून संवाद म्हणायला लागले. निरंजनने काठी उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागेवर उभा राहिला. म्हणायचं होतं, “या जावईबापू, घर तुमचंच आहे.” उद्धवराव त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “किती वाळलास रे, नीरू.”

वर्षाली डोळे पुसत म्हणाली, “काका, जावयाचं नाव नीरू नाही. परत घेऊ या.”

“नगं,” उद्धवराव म्हणाले. “पुन्यांदा घेतलं तर मी पाठ केल्यालंच बोलंन.”

उद्या त्यांना गावी सोडायला निरंजनच गाडी घेऊन चालला आहे. तो आत्ता काकूंशेजारी बसलाय. उद्धवराव, सिनेमा पुरा झाला याचा आनंद आहेच. पण काल गुरुवारच्या सवयीने ती खोली झाडून ठेवली, तेव्हा फार वाईट वाटलं. तुमची आठवण येईल, राव.

जेवणानंतर याच पडद्यावर सिनेमा दाखवणार आहोत. अध्यक्षमहाराज, मला बोलू दिलंत, आपले आणि सभागृहाचे मनापासून आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. सिनेमातले बरेच संवाद रस्त्यावरच्या ट्रेलर-ट्रकांच्या हॉर्नने खाल्लेत, त्याचीही माफी मागतो. पण शेवटी सासरा जावयाला भलत्याच नावाने हाक मारतो आणि अख्ख्या कथेचं वाटोळं करतो. ती चूक आम्ही ठरवून ठेवली आहे. तिची माफी मागणार नाही.