साखळीपुलावरची बारीक रेघ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती, त्यांच्या घरची माणसं, आणि लवकर सटकता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले माझे सहकारी मित्रहो, सर्वांना नमस्कार.

बाईंबद्दल बोलायला मला सांगितलं, कारण पूल तपासणीच्या कामावर त्यांच्याबरोबर सर्वांत जास्त उन्हं मी खाल्ली आहेत. त्या अभियंता, मीही अभियंता. पण खात्यात त्यांना ‘घारबाई’ म्हणत, आणि मला कोणी काहीच म्हणत नसे. यावरून काय ते समजा.

पुलाचे वरचे भाग रोज चढून बघता येत नाहीत. म्हणून लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स घ्यायचं ठरलं. आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं एक भलीमोठी लेन्स पुढे केली. चंद्रावरचे खड्डे दिसतील, असं तो म्हणाला. बाईंनी ती कॅमेऱ्याला लावली आणि दारात उभं राहून समोरच्या दवाखान्याची पाटी बघत राहिल्या. माझा चहा सांगून झाला, आला, पिऊनही झाला. बाई अजून पाटीच बघतायत! मग हात खाली घेऊन म्हणाल्या, ही नको. झूम फिरवली की नळी पुढे सरकते, सगळं वजन टोकाला जातं, पाटी नाचायला लागते. त्यांनी दुसरी घेतली. तिची नजर थोडी कमी लांबची, पण अंगानं हलकी, आणि झूम करताना लांबी तेवढीच राहणारी. मी म्हटलं, खातं देतंय तर मोठी घ्या की. त्यावर त्यांनी मला विचारलं, “दुपारनंतर जी खांद्यावरून उचलवणार नाही, ती कितीही लांबचं बघो, मला काय उपयोग?”

स्टँड मात्र त्यांनी कधी वापरला नाही. आपल्याला वाटतं, स्टँडवर कॅमेरा स्थिर राहतो. चालत्या पुलावर? ट्रक गेला की पूल थरथरतो, आणि पुलाबरोबर स्टँडही. माणसाचं अंग ते थरथरणं पिऊन टाकतं. डावा तळवा लेन्सच्या पोटाखाली, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वास अर्धा सोडलेला, आणि मग बटण. मी शेजारी उभा असलो की माझाही श्वास अडायचा.

आता त्या पुलाकडे येतो. नदीवरचा आपला जुना साखळीपूल सर्वांना माहीत आहे. दोन मनोऱ्यांमधून लोखंडी कड्यांची, म्हणजे दोन्ही टोकांना भोक असलेल्या लांब पट्ट्यांची, साखळी सोडलेली, आणि तिला सगळा रस्ता टांगलेला. त्या दिवशी बाईंनी मनोऱ्याजवळच्या एका कडीवर लेन्स रोखली आणि तिथून हलेचनात. मला म्हणाल्या, बघा. मी बघितलं. कडीच्या भोकाजवळ केसासारखी रेघ होती. मी म्हटलं, सावली असेल. त्याही म्हणाल्या, असेल. आणि ऊन कलेपर्यंत तिथंच थांबून राहिल्या. ऊन फिरलं, शेजारच्या सगळ्या सावल्या सरकल्या. रेघ जागची हलली नाही. मान वर करून मी ती एवढी प्रचंड साखळी बघत होतो, खालून माणसं बोलत, हसत चालली होती, आणि माझ्या अंगावर काटा आला.

आमच्या तेव्हाच्या साहेबांनी फोटो पाहिला. पूल बंद करायचा म्हणजे सगळं गाव अडवायचं. त्यांनी विचारलं, “खात्री आहे तुमची?”

बाई म्हणाल्या, “खात्री वर चढल्यावर होईल. तोवर पुलावर माणूस नको.”

साहेबांनी सही केली. त्यांचेही आज आभार मानायला हवेत.

पुढचे महिने बाईंना फार जड गेले. वर चढून तपासल्यावर तो तडाच असल्याचं ठरलं, तरी लोकांना तो डोळ्यांनी दिसत नव्हता. दिसत होता तो लांबचा वळसा. त्यांचे धाकटे दीर याच मार्गावर बस चालवत. प्रवाशांच्या शिव्या ते खात आणि घरी येऊन गप्प बसत. एकदा मात्र म्हणाले, “वहिनी, तुमच्या एका रेघेपायी गाव माझ्या तोंडाला लागलंय.” त्यानंतर एका घरात राहून दोघांचं बोलणं बंद. बाईंनी हे मला सांगितलं ते लेन्स पुसता पुसता, वर न बघता.

साखळीला आधार देऊन शेवटी ती कडी उतरवली. बघायला काठावर गर्दी झाली, तिच्यात दीरही होते. कामगारांनी कडी जमिनीवर टेकवली, आणि टेकवता टेकवता तिचे दोन तुकडे झाले. आम्ही जवळ गेलो. तुटलेला भाग जवळजवळ सगळा काळा, जुन्या गंजाचा. फक्त एका बाजूला, नखाएवढी, ताज्या लोखंडाची कड चकाकत होती. मंडळी, तेवढ्यावर पूल उभा होता. इतकी वर्षं या खात्यात काढली, पण त्या चकाकीसमोर उभा असताना वाटलं तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

दीर खाली बसले. त्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग विचारलं, “वहिनी, माझी भरलेली बस रोज एवढ्यावर जात होती?”

बाईंनी मान हलवली. मग हातातली लेन्स बॅगेत ठेवून त्यांनी बॅग खांद्याला लावली. दीर उठले. “बॅग इकडे द्या,” म्हणाले. बाईंच्या खांद्यावरून ती काढून आपल्या खांद्यावर घेतली, आणि दोघं काठाकाठानं घराकडे चालत गेले. आम्ही सगळे बाजूला झालो.

बाई, खात्याच्या वतीनं आणि त्या पुलावरून निर्धास्त जाणाऱ्या प्रत्येकाच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. तुमच्या घरच्यांचेही आभार, त्यांनीही कमी सोसलं नाही. अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे न बघता मला बोलू दिलं, हा त्यांचा मोठेपणा. सांगताना काही राहिलं असेल, कुठे अधिक-उणा शब्द गेला असेल, तर तो आपलेपणानं पोटात घालावा, एवढी विनंती करून मी खाली बसतो.