चिरनेरची ओळ

खांदा कॉलनीतल्या एका शाळेत मी शिकवायचो, तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. पंचवीस सप्टेंबरला मी छापील पुस्तकातून दोन जन्म आणि परदेशातली एक लढाई उतरवली. आमच्या शिपाई हिरामावशी मागे उभ्या होत्या.

"सर, चिरनेर नाय लिवलं?"

"पुस्तकात नाही हो, मावशी."

"आमचं गाव हाय ते. जंगल सत्याग्रहात आजच्याच दिवशी गोळीबार झाला. माज्या आज्याच्या मांडीत गोळी घुसली व्हती."

मी मुख्याध्यापिकांना विचारलं. त्या मावशींना म्हणाल्या, "पुरावा आणा, मग लिहू."

मावशींनी वाद घातला नाही. रविवारी सकाळीच त्या मुख्याध्यापिकांच्या दारात हजर.

"चला बाई, चिरनेरला. पुरावा दगडाचा हाय, उचलून आणता येत नाय."

बाई गेल्या. हुतात्मा स्मारकावरची नावं त्यांनी एकेक करून वाचली.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी खडू मावशींच्याच हातात दिला. 'चिरनेर' एवढं लिहायला मावशींना चांगली पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ अख्खी शाळा रांगेतच थांबली होती.