लेथखालचं रबर

फिजिक्सच्या मास्तरला कुणी सल्ला देऊ नये, तो ऐकत न्हाई. लातुरात क्लास घेत होतो तेव्हा हौसेनं लोखंड कातायचा, विजेवर चालणारा टेबलावरचा छोटा लेथ आणला. शेजारचे रहीमचाचा जुने टर्नर. म्हणाले, "सर, पायाखाली रबर घाला, लई थरथरतो."

मी घातलं न्हाई. लेथवर लोखंडाचा एक वाकडातिकडा तुकडा फिरत ठेवला अन् स्वयंपाकघरात चहाला बसलो. मांडणीवरची भांडी खडखडायला लागली. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. बायकोच्या आधी मी रस्त्यावर, हातात कपबशी. मला बघून गल्ली सगळी बाहेर. घरात भांडी वाजतच राहिली.

"चाचा, हा भूकंप थांबंना कसा?"

चाचांनी खिडकीतून आत बघितलं.

"लाईट गेली की थांबंल, सर."