नागपूरची बस

मोताळ्याच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

“संजीवनी, घरी चाल. पाव्हणे तुले पाहाले येऊन राह्यले.”

“बाबा, उद्या नागपूरले मुलाखत हाय. इमानाचे पुर्जे बनवाचा कारखाना हाय तो.”

“पोरीले कोन घेते तिथं?”

“काऊन नाही घेनार? कॉलेजात मशीनवर हेच तं शिकली मी.”

“अन् तुह्या हातून पुर्जा चुकला तं?”

“तं इमान पडू शकते, बाबा. मानसं मरतीन.”

“एवढ्या जोखमीचं काम तुह्या हाती देतीन?”

“हाव.”

नागपूरची बस लागली.

“मंग डोकं शांत ठेवून जाय. पाव्हण्यायले मी पाहातो.”

“काय सांगसान त्यायले?”

“पोरगी कामावर गेली म्हनून सांगतो.”